थंडीनं नासलेलं रक्त

पाय मोडून आमच्या साहेबांकडे गेलं, की पहिला प्रश्न पायाचा नसायचा. "गाव कोणतं? मामा कुठले?" हे आधी. माणूस टेबलावर बोंबलतोय, सोबतचे लोक घामाघूम झालेत, आणि साहेब खुर्ची पुढे ओढून विचारताहेत, "आजीचं माहेर कुठलं म्हणालात?" एकदा आमगावकडचा एक ट्रॅक्टरवाला चिडून म्हणाला, "साहेब, पाय माहा मोडला, आजीचा नाही. आजी तं कधीचीच मेली." साहेब शांतपणे म्हणाले, "कशानं मेली?" मी प्लास्टरची पट्टी भिजवत होते. हसू आवरेना, म्हणून पाणी आणायच्या निमित्तानं बाहेर पळाले.

मी त्यांच्याकडे प्लास्टर घालायचं काम करायचे. कुडव्याहून रोज स्कुटीवर यायचं, ॲप्रन चढवायचा आणि दिवसभर चुन्यात हात घालून उभं राहायचं. दवाखाना गोंदियात, स्टेशनच्या अलीकडच्या गल्लीत, वरच्या मजल्यावर. साहेबांचं नाव मी सांगणार नाही. सांगितलं तर अर्धं गोंदिया म्हणेल आम्ही त्यांना ओळखत होतो, आणि उरलेलं अर्धं, त्यांनी कोणाच्या लग्नात किती बुंदी खाल्ली ते सांगत बसेल.

हो, लग्नं. ते आधी सांगायला हवं, कारण साहेब समजायचे तर त्यांचा नाद समजला पाहिजे. हाडं जोडणं हे त्यांचं पोटापाण्याचं काम होतं. जीव अडकला होता तो घराण्यातून उतरणाऱ्या हाडांच्या आजारांत. काही घरांत नाक उतरतं, काही घरांत राग उतरतो, तशी काही घरांत हाडंच वेगळी उतरतात. कोणाची वाकतात, कोणाची वाढत नाहीत, कोणाची काचेसारखी तडकतात. फार क्वचित दिसणारे आजार. दुसरा डॉक्टर आयुष्यात एखादा पाहील आणि विसरून जाईल. आमचे साहेब ते शोधत फिरायचे, आणि शोधायची त्यांची जागा म्हणजे लग्नाचा मांडव.

"सगळं खानदान एका जागी येतं बाई," ते मला सांगायचे. "चालतं, नाचतं, मांडी घालून पंगतीत बसतं, गुडघ्यावर हात टेकून उठतं. एवढं मला दवाखान्यात कोण दाखवणार?" म्हणून उन्हाळा लागला, की हे कोणाच्याही लग्नात. आमंत्रण वगैरे भानगड नाही. पांढरा शर्ट, खिशात पेन, हातात आहेराचं भिंतीवरचं घड्याळ. घड्याळं त्यांनी पेटीनं आणून ठेवली होती. पंगतीच्या अगदी टोकाला बसायचं, पुन्हा पुन्हा भात मागायचा, म्हणजे बराच वेळ बसता येतं, आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पायांकडे टक लावून पाहायचं. एकदा नवरीच्या मामानं पकडलंच. "तुमी कोनाकडचे जी? नवऱ्याकडचे का नवरीकडचे?" साहेब तोंडात घास घेऊन म्हणाले, "दोन्हीकडचे. काही मोडलं तर दोन्हीकडचे माझ्याकडेच येतात ना!" मामानं आणखी भात वाढला. बाईसाहेब, म्हणजे साहेबांची बायको, मला म्हणायच्या, "लोकांचे नवरे लग्नात बायका पाहतात, आमचे गुडघे पाहतात. मी तक्रार तरी काय करू?"

प्रत्येक वेळी त्यांचा अंदाज खरा ठरायचा असं मुळीच नाही. तिरोड्याकडच्या एका लग्नात त्यांना एक ठेंगण्या लोकांचं घराणं दिसलं. झालं! महिनोन् महिने त्या घराच्या मागे लागले. मनगटांचे एक्स-रे काढले, मापं घेतली, त्यांच्या काकाच्या घरी जाऊन आले, काकूच्या माहेरी जाऊन आले. शेवटी त्या घरचा कर्ता पुरुष हात जोडून म्हणाला, "साहेब, मी बुटका आहो, बिमार नाही. माहा बापबी बुटकाच होता, नव्वदीपर्यंत नांगर धरला त्यानं." साहेबांनी एक्स-रे खिडकीशी धरून पुन्हा पाहिला. ते एक्स-रे नेहमी खिडकीशीच धरायचे, भिंतीवरचा दिवा त्यांना पटायचा नाही. मग म्हणाले, "खरं आहे. ठणठणीत आहात. चहा घ्या." पुढे तो माणूस चांगला दोस्त झाला, आणि दर वर्षी चिन्नोर जातीचा नवा तांदूळ आणून द्यायचा.

साहेबांचा आवाज म्हणजे मिलचा भोंगा. कानात सांगायची गोष्टसुद्धा गल्लीत ऐकू जायची. रोगी बाहेर येईपर्यंत समोरच्या चहावाल्याला सगळं ठाऊक झालेलं असायचं. "काऊन जी, मनका सरकला म्हनते?" असं तो वर विचारायचा. मी किती वेळा भांडले. "साहेब, हळू बोला हो, बाहेर लोक आहेत." तर म्हणायचे, "लोकच आहेत ना, वाघ थोडीच आहेत!" त्यांना वाटायचं, आजारात लपवायचं काय? लाज वाटावी असं काही नसतंच, मग हळू कशाला बोलायचं? त्यांचं ते म्हणणं मला कधीच पटलं नाही. पण माणूस स्वतःबद्दलही तितक्याच मोठ्यानं बोलायचा. स्वतःच्या मूळव्याधीबद्दल ते फोनवर बोलले, तेव्हा चहावाल्यानं इसबगोल पाठवून दिलं होतं.

एका गोष्टीवर मात्र भडकायचे. वाकड्या पायाचं लेकरू घेऊन नवरा-बायको यायचे आणि आजी मागून सुरू करायची, "आमच्या खानदानात असं कोनी नाही जी, हे तिच्या माहेरचं." साहेब टेबलावर हात आपटायचे. "कोणामुळे झालं ते विचारायचं नाही इथे. कशामुळे झालं ते विचारा, त्याचं उत्तर देतो." ऐकलं नाही तर आजीला बाहेरच्या बाकावर बसवायचे. मग चहावाला आजीला चहा पाजायचा, आणि आजी त्याला तीच कहाणी पुन्हा सांगायची.

आता वैशालीचं सांगते. त्यासाठीच तर लिहायला बसले.

धान निघायचे दिवस होते. थंडी कडाक्याची, राइस मिला जोरात चालू. नवेगाव बांधच्या बाजूच्या एका खेड्यातून चौघं जण आले. बाळ, त्याची आई वैशाली, आजी आणि मोठे काका. बाळ म्हणजे आयुष, वर्षाचाही झाला नव्हता. शालीत गुंडाळलेला, मांडी सुजलेली, रडून रडून घसा बसलेला. बाळाचा बाप आला नव्हता. तो गोंदियातच एका मिलमध्ये कामाला होता आणि सीझनमध्ये सुट्टी मागणं म्हणजे नोकरी सोडणं. त्याच्या वतीनं त्याचा थोरला भाऊ आला होता. उंच, राकट, डोक्याला मफलर. घरचा सगळा कारभार त्याच्याकडे.

वैशाली दाराशी उभी. डोक्यावरून पदर, तोंडातून शब्द नाही. साहेबांनी विचारलं, "कधीपासून रडतो?" तिनं सासूच्या कानाशी कुजबुज केली, सासूनं मोठ्यानं सांगितलं, "कालपासून." साहेबांनी पुन्हा विचारलं, तिनं पुन्हा कुजबुज केली. साहेब वैतागले. "अहो, तिला तोंड आहे ना?"

"तोंड आहे जी," सासू म्हणाली, "पर भासरा बसला आहे न इथं."

भासरा म्हणजे नवऱ्याचा थोरला भाऊ. त्यांच्या घरची रीतच तशी होती, भासऱ्यासमोर सुनेनं बोलायचं नाही. भासराही बिचारा भिंतीकडे तोंड करून बसला होता, म्हणजे सुनेला अवघड नको. त्या माणसात काडीचं वाईट नव्हतं, हे आधीच सांगून ठेवते.

सासू मालिश करत होती, तेव्हा कटकन आवाज आला होता. सांगता सांगता ती म्हातारी स्वतःच्या हातांकडे पाहून रडायला लागली. "याच हातानं माहे चार लेकरं मालिश करून वाढवले जी. कोनाचं बोट नाही मोडलं." त्याच्या आधीही बाळाचा हात एकदा सुजला होता. तेव्हा दुसऱ्या कुठल्यातरी दवाखान्यात कोणीतरी वैशालीला विचारलं होतं, पोरगं आपटलं का म्हणून. ती गोष्ट गावभर झाली होती. गाव ते गाव, एकदा ऐकलं की पुरतं वर्षभर.

साहेबांनी एक्स-रे खिडकीशी धरला. नवं मोडलेलं हाड तर होतंच, शिवाय जुनी, आपोआप जुळलेली मोडही होती. मग ते बाळाजवळ गेले, आणि त्याच्या डोळ्यांत पाहत राहिले. मलाही बोलावलं. डोळ्यांचं पांढरं पांढरं नव्हतं, निळसर होतं, पातळ ताकासारखं. "बाई, उशी आणा," साहेब म्हणाले. त्या दिवशी पहिल्यांदा मी त्यांना इतक्या अलगद हालताना पाहिलं. बाळाला उशीसकट उचलायचं, लंगोट बदलताना पाय धरून वर करायचे नाहीत, बगलेत हात घालून झुलवायचं नाही. सगळं स्वतः करून दाखवलं. मग तलावांच्या मुलखातल्या त्या भासऱ्याकडे वळून म्हणाले, "तुमच्या पूर्वजांनी तलाव बांधले ना? मग मला सांगा, तलावाच्या पाळीची, बांधाची मातीच बरोबर नसली, तर पाळ फुटते की नाही?"

"फुटते न जी."

"मग वरून म्हैस गेली आणि पाळ फुटली, तर दोष म्हशीचा का?"

भासऱ्यानं मान हलवली. साहेब ओरडून म्हणाले, अर्थात गल्लीला ऐकू जाईल असं, "याच्या आईनं काही केलं नाही, आजीनं काही केलं नाही. या पोराची हाडंच ठिसूळ घडली आहेत." वैशालीचा पदर डोळ्यांशी गेला.

पण खरी गोष्ट पुढेच होती. भासरा औषधं आणायला खाली गेल्यावर सासू हळूच म्हणाली, "साहेब, इले आनखी दिवस गेले. तिसरा सुरू आहे. दुसरंबी असंच आलं तं? आमी घरी बोलून राहिलो, सफाई करून टाकाव का म्हनून." वैशाली तेव्हा बोलली. पहिल्यांदा तिचा आवाज ऐकला मी. "मले नाही करायची," ती म्हणाली, "पर मले समजू द्या आधी."

मग साहेबांनी समजावलं. हे दोन-तीन तऱ्हेनं होतं. आई-बापांपैकी कोणाच्या रक्तात तो दोष असेल, किंवा दोघांच्याही, तर पुढच्या बाळालाही भीती. दोघांच्याही रक्तात नसेल, म्हणजे तो याच्यातच नव्यानं झाला असेल, तर पुढच्याला भीती फार थोडी. हे कळायचं तर तिघांचं रक्त हवं, बाळाचं, आईचं आणि बापाचं. समोरच्या पॅथॉलॉजीत दोन दिवसांनी येऊन द्यायचं, तिथून ते हैदराबादच्या एका लॅबला जाईल. त्यावर ठरणार होतं, पोटातलं राहायचं का जायचं.

रक्त गेलं. काही आठवडे गेले. एक दिवस दुपारी मी आत एका आजोबांच्या मनगटाचं प्लास्टर कापत होते, आणि लॅबचा फोन आला. साहेब नेहमीसारखे ओरडले, "हां बोलो!" आणि मग एकदम गप्प. इतके गप्प, की आजोबांनी मान वर करून पाहिलं. मग साहेब खालच्या आवाजात म्हणाले, "बस. इसके आगे एक शब्द नहीं. कागज पे कुछ नहीं लिखोगे. मैं दूसरा सैंपल भेजता हूं." फोन ठेवला. आजोबा गेल्यावर त्यांनी दार लावलं. आमच्या दवाखान्याचं दार बंद होतं हे मला तोवर ठाऊकच नव्हतं, बिजागऱ्या गंजल्या होत्या.

"बाई," ते म्हणाले, "बापाचं म्हणून जे रक्त गेलं, ते त्या पोराच्या बापाचं नाही."

बाप्पा! त्या पदराआडच्या पोरीचा चेहरा डोळ्यांसमोर आला. तिची सासू, तो राकट भासरा, ते गाव. हे जर त्या घरात कळलं असतं, तर तिला पोटातल्यासकट दारात उभं केलं असतं. आणि खऱ्या बापाचं रक्त मिळाल्याशिवाय पोटातल्या बाळाचा निकाल लागणार नव्हता. दिवस तर हातातून चालले होते. "आता काय करता?" मी विचारलं. "बाटल्या बदलल्या असतील ही आशा थोडीच, पण एकदा माझ्या हातानं घेऊन पाहतो," म्हणत साहेबांनी भासऱ्याचा नंबर लावला. तोच एक नंबर होता आमच्याकडे.

साहेबांना खोटं बोलता येत नव्हतं हो. सवयच नव्हती. फोनवर म्हणाले, "हे पाहा, बापाचं रक्त वाटेत नासलं. पुन्हा द्यावं लागेल."

पलीकडून भासऱ्याचा आवाज मलाही ऐकू येत होता. "काऊन नासलं जी?"

"उन्हानं!"

"उन्हानं? साहेब, आमी इथं शेकोटी पेटवून बसलो आहो."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी कपाळावर हात मारला. "मग थंडीनं नासलं!" ते ओरडले. "नासलं म्हणजे नासलं. पुढच्या मंगळवारी पोराच्या बापाला घेऊन या."

"त्याले कायले? मिलची सुट्टी नाही त्याले. मी येतो न."

"तुम्ही या, सगळं गाव आणा, पण त्याला आणा! माझ्यासमोर!" आणि फोन आपटला. घाम पुसत मला म्हणाले, "जमलं ना?"

मधेच, मंगळवारच्या आधी, वैशाली आणि सासू आयुषचं प्लास्टर दाखवायला आल्या. सासू खाली औषधाच्या दुकानात गेली. खोलीत साहेब, वैशाली, बाळ आणि मी. मनात म्हटलं, आता विचारतील. एकदा विचारा आणि मोकळे व्हा. साहेब बाळाला उशीवर घेऊन त्याच्याशी आपले गप्पा मारत बसले, दात किती आले, भात खातो का. वैशालीच्या ओठांवर काहीतरी होतं. तिनं दोनदा घसा साफ केला. शेवटी म्हणाली, "साहेब, ते रक्त..."

"थंडीनं नासलं!" साहेब गरजले. बाळ दचकलं. "सांगितलं ना एकदा! त्याबद्दल काही बोलायचं नाही. बेटा, तू दूध घेतेस का नाही रोज? अंडं चालतं का तुमच्यात?"

तेवढ्यात सासू वर आली आणि पदर पुन्हा खाली झाला.

त्या गेल्यावर मी साहेबांवर तुटून पडले. "ती बिचारी स्वतःहून सांगत होती. ऐकून काऊन नाही घेतलं?"

"तिनं सांगितलं असतं, तर मला माहीत झालं असतं," साहेब म्हणाले. "मग आयुष्यभर माझ्यासमोर ती मान खाली घालून येणार. पोराला दर तीन महिन्यांनी हाडांच्या औषधाचं सलाईन लावायला आणायचं आहे तिला. ती येणं बंद करेल."

"आणि मंगळवारी नवऱ्याचं रक्त पुन्हा जुळलं नाही तर?"

"तर पुन्हा नासेल," ते म्हणाले, आणि खिडकीशी जाऊन उभे राहिले. हातात एक्स-रे नव्हता, तरी.

मंगळवारी सगळे आले. नवरा म्हणजे पोरगंच होतं, काडीसारखं, मिलमधल्या धानाच्या कोंड्यानं भुवया पांढऱ्या झालेल्या. साहेबांनी पॅथॉलॉजीवाल्याला वर बोलावलंच नाही, सुई स्वतः हातात घेतली. मी त्या पोराची बाही वर केली, रबर बांधलं. त्यानं सुई पाहिली आणि त्याचा रंगच उडाला. थोरल्या भावाकडे वळून केविलवाणा म्हणाला, "दादा, तूच दे न गा. मागच्या खेपेले देलं तसं."

खोलीत सगळं थांबलं. म्हणजे माझ्यासाठी आणि साहेबांसाठी थांबलं. बाकीच्यांना काही झालंच नव्हतं.

"काय म्हणाला हा?" साहेबांनी विचारलं.

भासरा सरळपणे म्हणाला, "मीच देलं होतं जी मागच्या खेपेले. याले सुट्टी नव्हती, अन् सुई पायली का हा पडते. आमी सख्खे भाऊ आहो, एका मायचे. रक्त का न्यारं राहते? याची बँक मी पायतो, सोसायटी मी पायतो, धानाचा नंबर मी लावतो. मनलं, रक्तबी मीच देऊन टाकतो. बापाच्या ठिकानी मीच तं आहो."

साहेब त्याच्याकडे पाहत राहिले. मग हसायला लागले. असे हसले, असे हसले, की त्यांना खुर्ची धरावी लागली. डोळ्यांतून पाणी. मग उठून त्या राकट गड्याला त्यांनी कडकडून मिठी मारली, आणि मिठीतच त्याच्या पाठीत दणादण गुद्दे घातले. "अरे गाढवा! अरे देवमाणसा! रक्त बापाचंच लागतं रे!" खाली चहावाला गल्लीत येऊन वर पाहत होता. सासू मला हळूच म्हणाली, "साहेब बरे आहेत न?" मी म्हटलं, "आज फार बरे आहेत." मीही रडत होते, आणि का रडते आहे ते कोणाला सांगता येत नव्हतं.

वैशाली दाराच्या चौकटीला धरून खाली बसली होती, पदर तोंडात कोंबून. मला वाटलं, पोटुशी बाई, उभी राहून थकली असेल. नवऱ्याला सुई टोचली, तो ठरल्याप्रमाणे पडला, मी त्याला सांभाळलं.

पुढचा फोन आला, तेव्हा साहेबांचा आवाज पुन्हा भोंगा झाला होता. दोष ना आईत होता ना बापात. आयुषमध्येच तो नव्यानं झाला होता. "म्हणजे आमच्याकडूनबी नाही, अन् इच्या माहेराकडूनबी नाही?" सासूनं तीनदा विचारलं. साहेबांनी तिन्ही वेळा न चिडता सांगितलं. पुरती खात्री हवी म्हणून नागपूरला पोटातल्या बाळाभोवतीचं पाणीही तपासून आणलं. बाळाची हाडं चांगली होती. सफाईचं नाव पुन्हा कोणी काढलं नाही. मुलगी झाली. बारशाला साहेब गेले, या वेळी आमंत्रणानं, आणि घड्याळ घेऊनच गेले.

यंदा दिवाळीनंतर साहेब गेले. झोपेतच. लोक इतके आले, की गल्लीत पाय ठेवायला जागा नव्हती. त्यात कितीतरी जण वाकड्या पायांचे, काठीवाले, चाकाच्या खुर्चीवाले होते. चहावाल्यानं दुकान बंद ठेवलं होतं, आणि तो आडोशाला उभा राहून लेकरासारखा रडत होता. मी बाईसाहेबांजवळ बसले होते. मला साहेबांचा राग किती यायचा आणि त्यांच्यावर जीव किती होता, ते मला त्या दिवशी समजलं.

वैशाली दोन्ही पोरांना घेऊन आली. आयुष आता पायांना पट्टे बांधून चालतो, हळूहळू, पण आपला आपण. पोरगी घरभर धावत होती. वैशाली माझ्याजवळ येऊन बसली. म्हणाली, "ताई, तुमाले आठवते का, मी साहेबाले रक्ताचं सांगून राहिली होती अन् ते माह्यावर वरडले होते?"

मी म्हटलं, आठवतं.

"मी बारावी सायन्स आहो, ताई. पॅथॉलॉजीत भासऱ्यानं हात समोर केला, तेव्हाच मले समजलं होतं, का हे चुकलं. पर भासऱ्यासमोर मी कशी बोलू? अन् बोलू तरी काय, का तुमी माह्या पोराचे बाप नाही? जीभ रेटते का तसं म्हनाले? घरी आली, नवऱ्याले सांगितलं. तो म्हने, दादानं देलं ते बरोबरच असन. मंग फोन आला, रक्त थंडीनं नासलं. मले समजलं, लॅबवाल्यायनं काय सांगितलं असन ते. मनलं, साहेबाले खरं सांगून देतो, का ते भासऱ्याचं रक्त होय. तं त्यायनं बोलूच नाही देलं."

आयुष दारातून आत यायला उंबऱ्याशी अडखळत होता. ती उठणार, तोच बाईसाहेबांनी त्याच्या दोन्ही बाजूंना हात धरले, पण त्याला लावले नाहीत. तो आपला आपण आत आला.

"मंग मी बाहेर येऊन इचार केला," वैशाली म्हणाली. "साहेबाले वाटलं होतं, मी वाईट बाई आहो. खरंच वाटलं होतं त्यायले. अन् तरी माह्या पोराले तसंच उशीवर घेतलं, मले तसंच बेटा मनलं, दूध घेते का म्हनून इचारलं. ते एक सोडून समदं इचारलं."

तिनं पदरानं तोंड पुसलं.

"ताई, ते तं माह्या मायनंबी इचारलं असतं."